हिरवा रंग कोणाचा?

आमच्या लालबागच्या चाळीत सकाळी नळाला पाणी यायच्या आधी एक आवाज ठरलेला. दोन खोल्या पलीकडच्या काकू मोरीत उभ्या राहून खोकतात. पंधरा-वीस मिनिटं. तेवढा कफ निघाला की मग चहा.

काकूंना वीस वर्षांपूर्वी टीबी झाला होता. कोर्स पूर्ण केला, टीबी गेला. पण जाताना फुफ्फुसातल्या काही श्वासनलिका कायमच्या रुंद आणि सैल करून गेला. याला ब्रॉन्किएक्टासिस म्हणतात. अशा नळीतून कफ वर सरकत नाही, साचून राहतो, आणि साचलेल्या जागी वस्तीला येणारे जीवाणू येतातच. आपल्याकडे हे दुखणं टीबीच्या मागोमाग फार येतं. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या 2195 रुग्णांच्या नोंदणीत एक तृतीयांशाहून जास्त लोकांना आधी टीबी होऊन गेलेला होता.

गेल्या महिन्यात काकूंनी कफाच्या तपासणीचे दोन रिपोर्ट माझ्यापुढे ठेवले. एक मागच्या गणपतीतला, एक आत्ताचा. दोन्हींवर एकच नाव, सुडोमोनास एरुजिनोसा.

"अरे, नाव तेच आहे ना? मग ती चौदा दिवसांची महागडी औषधं गेली कुठे?"

मी याच जीवाणूवर पीएचडी करतोय म्हणून विचारलं. खरं सांगायचं तर माझ्या अख्ख्या प्रबंधाचा प्रश्न काकूंनी एका वाक्यात मांडला होता.

'एरुजो' म्हणजे लॅटिनमध्ये तांब्यावर चढणारा हिरवा गंज. आपल्या भाषेत, कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं तेव्हाचा रंग. कार्ल जेसार या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने 1882 साली जखमांच्या पट्ट्या निळ्या-हिरव्या का होतात याचा शोध घेताना हा जीवाणू वेगळा काढला. त्याच वर्षी 24 मार्चला रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये टीबीचा जीवाणू जाहीर केला. काकूंच्या छातीतले जुना आणि नवा असे दोन्ही भाडेकरू जगापुढे आले ते एकाच साली.

पट्टीवरचा तो रंग पायोसायनिनचा. प्रयोगशाळेत अगारच्या प्लेटवर हा जीवाणू वाढवला की दुसऱ्या दिवशी सगळी प्लेट हिरवट होते, आणि इनक्युबेटरचं दार उघडलं की द्राक्षांचा वास येतो. फेब्रुवारीत दादर स्टेशनबाहेर नाशिकच्या द्राक्षांच्या पाट्या लागतात, अगदी तसा. (प्लेट नाकाशी न्यायला सक्त मनाई आहे, वासच आपणहून येतो.)

काकूंना वाटत होतं, त्यांचा कफ हिरवा होतो तो याच रंगामुळे. बहुतेकांना असंच वाटतं. पण कफाचा हिरवेपणा मुख्यतः आपलाच असतो. जीवाणूंशी लढायला धावून आलेल्या पांढऱ्या पेशींमध्ये मायलोपेरॉक्सिडेज नावाचं विकर असतं, त्यात लोह असतं आणि त्याचा रंग हिरवा. म्हणजे कफ हिरवा झाला तर शरीर भांडतंय एवढं कळतं. कोणाशी भांडतंय, ते कळत नाही. रक्तातल्या सीआरपीचंही, म्हणजे अंगात दाह असला की वाढणाऱ्या प्रथिनाचंही, तेच.

मग जीवाणूची स्वतःची खूण शोधायची. तो आहे की नाही, हे विचारून काही उपयोग नाही, तो आहेच. पागडीचा भाडेकरू तो, चौदा दिवसांच्या नोटिशीने खोली सोडत नाही. चिकट आवरणात वसाहत करून बसतो, औषध तिथे धड पोचत नाही. कल्चरमध्ये, म्हणजे कफातले जीवाणू वाढवून बघायच्या तपासणीत, बऱ्या दिवसांतही उगवतो आणि दुखणं उसळलं तरी उगवतो. बरेचदा संख्याही फारशी बदलत नाही. डीएनए तपासावा, तर तो मेलेल्यांचाही सापडतो. हवं आहे ते एवढंच, की आज त्याचा बेत काय आहे.

बेत कळायची एक वाट आहे. हे जीवाणू आपण किती जण जमलो आहोत हे एकमेकांना रेणू सोडून कळवतात, आणि पुरेसे जमले की मिळून विषारी द्रव्यं बनवायला घेतात. यातले क्विनोलोन गटातले निरोप-रेणू सिस्टिक फायब्रोसिसच्या (फुफ्फुसात घट्ट कफ साचणारा जन्मजात आजार) रुग्णांच्या कफातच नव्हे, तर रक्तात आणि लघवीतही सापडले आहेत. ज्याला कफ काढताच येत नाही, त्याच्यासाठी ही मोठीच गोष्ट.

मोजणं मात्र घाम काढतं. डबीत आलेलं अर्धं तर लाळच असतं. खरा कफ पिपेटला चिकटतो आणि टोक उचललं की पाकासारखी तार धरतो. त्यात डायथायोथ्रायटॉल घालायचं, ते कफातले गंधकाचे बंध तोडतं, पंधरा मिनिटांत सगळं पातळ. मग मास स्पेक्ट्रोमीटरवर रेणूंचं वजन करायचं.

एवढं करून आकडा कमी आला, तर आनंद मानायचा का? माझी दोन वर्षं इथेच गेली. वर्षानुवर्षं फुफ्फुसात राहिलेल्या सुडोमोनासमध्ये निरोप-यंत्रणा चालवणारं लास-आर हे जनुक बरेचदा बिघडतं. काही जुने वाण रंग बनवायचं सोडतात, निरोपही बदलतात. म्हणजे शांतता औषधाने आली की भाडेकरूच मुका झाला, एका नमुन्यावरून सांगता येत नाही. म्हणून चाळीस रुग्णांच्या कफाची एकेक नळी असण्यापेक्षा एकाच रुग्णाच्या, वर्षभर घेतलेल्या चाळीस नळ्या मला जास्त मोलाच्या वाटतात. माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्या बऱ्या दिवसांशी व्हायला हवी. पण बरं वाटत असताना डबी घेऊन परळपर्यंत कोण येतं?

काकूंना म्हटलं, "औषधं वाया नाही गेली. तो गेला नाही, पण थंडावला. तुमचा ताप उतरला, जिना चढायला लागलात ना?"

त्यांनी दारामागचं कॅलेंडर काढून आणलं. रोजच्या चौकोनात बॉलपेनने एकेक अक्षर. पां, पि, हि. जानेवारीपासून एक दिवस चुकला नव्हता.

मी ते बघतच राहिलो. म्हटलं, "काकू, याच्याच बाजूला रोज जिन्यावर दम लागला की नाही, तेवढं लिहाल?"

"जागा कुठे आहे? दुधाचा हिशोब पण तिथेच असतो."