‘ह्यात व्हॉट्सॲप चालतंय का?’ : तिसऱ्या मोबाइल प्रणालीची पार्श्वभूमी

अँड्रॉइड आणि आयफोन सोडून फोन चालवणारी तिसरी एखादी प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) भारतात तग धरेल का, ही चर्चा दर दोन-तीन वर्षांनी नव्या नावानं उगवते. २०२३च्या जानेवारीत ती ‘भारओएस’ या देशी प्रणालीच्या निमित्तानं उगवली होती. सोलापुरात नवी पेठेतल्या मोबाइल दुकानाच्या काउंटरवर मात्र ती फार लांबत नाही. गिऱ्हाईक फोन उलटा-सुलटा करून बघतं आणि विचारतं, ‘ह्यात व्हॉट्सॲप चालतंय का?’ अलीकडे त्याला ‘पेमेंट होतंय का?’ची जोड मिळाली आहे. आजवर बुडालेल्या प्रणालींपैकी बऱ्याच या दोन प्रश्नांवर अडल्या. ज्या तिथून सुटल्या, त्या दुरुस्तीच्या टेबलावर अडकल्या.

सुरुवातीला बाजार उलटा होता. सायन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी १९९८ मध्ये सिम्बियन कंपनी काढली. २००३च्या नोकिया ६६०० पासून पुढची पाच-सात वर्षं भारी फोन म्हटलं की सिम्बियनच. ॲप विकत घेण्याची रीत फारशी नव्हती. ॲपची ‘एसआयएस’ फाइल ब्लूटूथनं एकाकडून दुसऱ्याकडे जायची, नाहीतर मेमरी कार्ड दुकानात देऊन गाण्यांबरोबर भरून घ्यायची. नोकियाच्या फोनांतलं सिम्बियन म्हणजे एस६०; त्याची तिसरी आवृत्ती आली (एन७३, ई६१ हे त्यातले) आणि सिम्बियननं आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला. ६६०० वरची ॲप्स नव्या फोनवर चालेनात, शिवाय प्रत्येक ॲपला डिजिटल सहीचं प्रमाणपत्र लागू लागलं. प्रमाणपत्राची मुदत संपलेली असली की ‘सर्टिफिकेट एक्स्पायर्ड’ येऊन गाडी थांबायची. त्यावरचा घरगुती इलाज म्हणजे फोनची तारीख वर्ष-दोन वर्षं मागे न्यायची, ॲप टाकायचं आणि तारीख परत पुढे आणायची. ॲप बनवणाऱ्यांना असा इलाज नव्हता. एकच ॲप आवृत्तीगणिक नव्यानं बांधावं लागे, आणि त्या कामाला माणसं कंटाळली.

२००८च्या अखेरीस पहिला अँड्रॉइड फोन अमेरिकेत आला, तेव्हा कमी खपाची प्रणाली तीच होती, हे आज कुणाला आठवत नाही. ती वर आली ती देखणी होती म्हणून नव्हे. सुरुवातीच्या आवृत्त्या बऱ्याच ओबडधोबड होत्या. पण कंपन्यांना तिचा परवाना फुकट होता. मीडियाटेकसारखे चिप बनवणारे बोर्डाचा आराखडा आणि त्यावर बसवलेलं अँड्रॉइड असं तयार ताट वाढून देत. त्यामुळे मायक्रोमॅक्स, कार्बनसारख्या नावांना स्वस्तात फोन काढता आले. एकाच घडणीचे हजारो फोन बाजारात आले की त्यांचे फोल्डर (काच आणि डिस्प्ले एकत्र), चार्जिंग पिना आणि आतल्या जोडणीच्या पट्ट्याही सहज मिळतात, आणि दुरुस्तीवाल्याचा हात त्यावर बसतो. प्रणाली रुजण्यात या गोष्टीचा वाटा कागदावर कुणी मांडत नाही.

खरी टक्कर विंडोज फोननं दिली, आणि तिचं अपयशच सर्वांत बोलकं आहे. ११ फेब्रुवारी २०११ रोजी नोकियानं सिम्बियन बाजूला ठेवून मायक्रोसॉफ्टशी हात मिळवले. नोकियाचे पहिल्या फेरीतले ‘लुमिया’ फोन विंडोज फोन ७ वर चालत. त्यात ब्लूटूथनं फाइल पाठवता येत नव्हती आणि गाणी भरायला संगणकावर ‘झून’ नावाचं सॉफ्टवेअर लागे. ज्या बाजारात दहा-वीस रुपयांत कार्ड भरून मिळत होतं, तिथे असा फोन विकणं म्हणजे चादरीच्या गावात कापूस देऊन ‘आता विणा’ म्हणण्यासारखं होतं. २०१२ मध्ये विंडोज फोन ८ आलं, त्यात ब्लूटूथ आणि मेमरी कार्ड दोन्ही आले. पण आधीचे लुमिया त्यावर चढवता येणार नव्हते. वर्षभरापूर्वी चांगले पैसे मोजलेल्या माणसाच्या हाती ७.८ नावाची मलमपट्टी आली.

२०१३चा लुमिया ५२० मात्र खरोखर चांगला फोन होता. ५१२ एमबी रॅम, ८ जीबी जागा, दहा-साडेदहा हजारांच्या आसपास किंमत. त्याच किमतीचे अँड्रॉइड अडखळत असताना हा सुरळीत चाले, आणि व्हॉट्सॲपही होतं. दुखणी दुसरीकडे होती. ८ जीबीतली बरीचशी जागा ‘अदर’ या खात्यात गडप व्हायची, आणि ॲप कार्डावर हलवायची सोय ८.१ येईपर्यंत, म्हणजे २०१४ पर्यंत, नव्हती. अपडेट अर्धवट राहिला की पडद्यावर फिरणारी चाकं दिसत राहायची आणि फोन पुढे सरकायचा नाही. तेव्हा फोन बंद करून आवाज कमी करायचं बटण दाबून धरत चार्जर लावायचा, उद्गारचिन्ह दिसलं की क्रमानं आवाज वाढवा, आवाज कमी, पॉवर, आवाज कमी ही बटणं दाबायची. फोन कोरा होऊन सुरू व्हायचा, आतला डेटा जायचा. त्यानंही भागलं नाही तर सॉफ्टवेअर मारायचं (सगळं पुन्हा नव्यानं टाकायचं), आणि त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या साधनातून सगळी फाइल इंटरनेटवरून उतरवावी लागे. अँड्रॉइडवाल्यांसारख्या फाइल्स दुकानदाराच्या हार्डडिस्कवर आधीच पडलेल्या नसायच्या.

ॲप्सचं दुखणं याहून मोठं. गूगलनं विंडोजसाठी स्वतःचं यूट्यूब ॲप काढलंच नाही. मायक्रोसॉफ्टनं मे २०१३ मध्ये आपलं काढलं, तर ऑगस्टमध्ये गूगलनं ते अडवलं. एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं नोकियाचा फोनचा धंदाच घेतला आणि पुढच्याच वर्षी ७६० कोटी डॉलर बुडीत खात्यात टाकले. २०१६च्या अखेरीस ‘भीम’ ॲप आलं ते आधी अँड्रॉइडवर, मग आयफोनवर. विंडोजपर्यंत पोचलंच नाही. ३१ डिसेंबर २०१९ ला व्हॉट्सॲपही थांबलं. त्या दिवसानंतर चालू स्थितीतला लुमिया अलार्म लावण्यापुरता उरला.

याच काळात खालच्या किमतीत दोन प्रयत्न झाले. ऑगस्ट २०१४ मध्ये मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसवरचा इंटेक्स क्लाउड एफएक्स १,९९९ रुपयांना आला. १२८ एमबी रॅम, २जी, आणि अधिकृत व्हॉट्सॲप नाही. काउंटरवरच्या पहिल्याच प्रश्नाला नापास. जानेवारी २०१५ मध्ये सॅमसंगचा टायझेन प्रणालीवरचा झेड१ ५,७०० रुपयांना आला. सॅमसंगचं नाव आणि दुरुस्तीची केंद्रं हाताशी असूनही चार मॉडेलांपलीकडे गाडी गेली नाही. जॉला कंपनीच्या सेलफिश प्रणालीवरचा इंटेक्स ॲक्वा फिश २०१६ मध्ये आला आणि फारसं कुणाला न कळता गेला.

फायरफॉक्स ओएस मात्र मेल्यावर जगलं. मोझिलानं हात काढून घेतल्यावर त्याच्या सांगाड्यावर कायओएस उभं राहिलं आणि २०१७ मध्ये जिओफोनमध्ये बसलं. १,५०० रुपये परतीची अनामत, बटणांचा फोन, सिम फक्त जिओचं. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यात व्हॉट्सॲप आलं आणि विडी वळणाऱ्या बाईच्याही हाती पहिल्यांदा व्हिडिओ दिसणारा फोन आला. असे दहा कोटींहून अधिक फोन गेल्याचं रिलायन्स सांगते. तिसरी प्रणाली भारतात मोठ्या प्रमाणावर खपल्याचं हे ठळक उदाहरण, आणि ते प्रणालीच्या गुणावर नव्हे, स्वस्त डेटा आणि एका कंपनीच्या वितरणाच्या जोरावर घडलं. त्यातही दोरी दुसऱ्याच्या हाती होती. २०२४ मध्ये कायओएसवर व्हॉट्सॲप नव्यानं उतरवणं बंद झालं.

सोलापूरसारख्या गावात आणखी एक कसोटी असते : भाषा. इथे घरात तेलुगू, शाळेत मराठी, अक्कलकोटच्या पाहुण्यांशी कन्नड आणि शेजारी उर्दू हे अनेकांचं रोजचं आहे. जुन्या अँड्रॉइड २.x वर मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसत, नाहीतर वेलांट्या भलत्या अक्षरावर बसत. देशी ‘इंडस ओएस’नं नेमकी ही फट ओळखली. २०१५ पासून मायक्रोमॅक्सच्या काही फोनांवर ते मिळू लागलं, आणि बोट सरकवून मजकुराचं लिप्यंतर आणि भाषांतर करण्याची सोय त्यात होती. पण तेही अँड्रॉइडवरचंच लिंपण होतं, आणि गूगलनं भारतीय भाषांचा कीबोर्ड आणि बोलून टायपिंग फुकट दिल्यावर वेगळेपण उरलं नाही. २०२२ मध्ये फोनपेनं ती कंपनी घेतली. २०२४ मध्ये त्यातून इंडस ॲपस्टोअर निघालं. म्हणजे प्रणालीचं स्वप्न दुकानाएवढं झालं.

मग अँड्रॉइडचाच मोकळा गाभा घेऊन वेगळी चूल का मांडत नाहीत? भारओएसचा मार्ग तोच आहे. अडचण करारांची आहे. गूगलचं प्ले स्टोअर हवं असेल तर कंपनीला फाटे फुटलेलं (गाभा घेऊन वेगळं बनवलेलं) अँड्रॉइड विकणार नाही असं लिहून द्यावं लागे. २०१२ मध्ये एसरचा अलीयुन प्रणालीवरचा फोन याच कारणानं उद्घाटनाच्या तोंडावर रद्द झाला. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड लावला आणि अशा अटींवर बंधनं घातली. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पण प्ले सर्व्हिसेसचे एपीआय (ॲप्सना गूगलच्या सेवा वापरू देणारे दुवे) इतरांना नाकारू नयेत हा निर्देश काढून टाकला. तिसऱ्या प्रणालीला उपयोगी पडला असता तो नेमका हाच. नकाशे, नोटिफिकेशन, लॉगिन या सगळ्यासाठी ॲप्स त्या एपीआयवर टेकून असतात. शिवाय फोनमधली प्रणाली बदललेली नाही ना हे बघणाऱ्या गूगलच्या ‘प्ले इंटिग्रिटी’ तपासणीत फोन बसला नाही तर अनेक बँकांची ॲप्स उघडतच नाहीत.

जुन्या फोनवर लिनिएजओएस किंवा उबंटू टच अशी वेगळी प्रणाली टाकून बघायची असेल तर आधी नेमक्या मॉडेल क्रमांकासाठी फाइल उपलब्ध आहे का ते पाहावं. नावात ‘प्रो’ किंवा ‘५जी’ एवढाच फरक असला तरी चुकीच्या फाइलीनं फोन डेड होतो. बूटलोडर (फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा, कुलूपबंद भाग) उघडताना सगळा डेटा पुसला जातो. कंपनीनं तो उघडायची परवानगीच दिली नसेल तर तिथेच थांबावं. वेगळी प्रणाली टाकलेली असताना बूटलोडर पुन्हा बंद करू नये, फोन सुरूच न होण्याचा धोका असतो. पेमेंटचं सिम दुसऱ्या फोनमध्ये ठेवावं. आणि सगळं नीट बसल्यावर आधी कॉल लावून बघावा : जिओला २जी-३जीचं जाळं नाही, त्यामुळे व्होल्टे (४जीवरून कॉल करायची सोय) नसलेल्या प्रणालीवर इंटरनेट झकास चालतं, पण फोन लागत नाही.