गाडी गरम झाली की बंद पडते? आधी क्रँक सेन्सर बघूया

चालती गाडी अचानक बंद, थोडा वेळ थांबलं की परत चालू, ही तक्रार घेऊन बरेच जण येतात आणि तोपर्यंत बाहेर प्लग, कॉइल, कधी कधी पेट्रोल पंपसुद्धा नवीन टाकून झालेला असतो, प्रॉब्लेम मात्र तसाच. म्हणून हे जरा लिहून देतोय.

प्लगला करंट कधी द्यायचा हे आता ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) ठरवतो, पण पिस्टन कुठे आहे हे त्याला क्रँक सेन्सरच सांगतो. क्रँक म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणारा इंजिनचा दांडा, त्याच्याबरोबर एक दातेरी चकती फिरते, बऱ्याच गाड्यांत ६० दातांची, त्यातले २ मुद्दाम गाळलेले, म्हणजे दात ५८, आणि एका दाताचं अंतर ६ डिग्री. ती मोकळी जागा सेन्सरसमोरून गेली की तिथून मोजणी सुरू. पेट्रोल जळायला वेळ लागतो म्हणून पिस्टन पूर्ण वर यायच्या आधीच ठिणगी पाडावी लागते, स्पीड वाढला की अजून आधी. ३००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात १८ डिग्री फिरतो! उशीर झाला तर पिकअप जातो, फार लवकर झालं तर नॉकिंग, म्हणजे इंजिनात ठकठक.

पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला, एकदा धूर बाहेर टाकायला. आत्ता कुठलं चालू आहे हे कॅम सेन्सर सांगतो. तो गेला तर बऱ्याच गाड्या जास्त सेल्फ मारून का होईना चालू होतात, क्रँकचा गेला की बहुतेक गाड्या जागेवरच.

दोन वायरवाल्या क्रँक सेन्सरमध्ये बारीक तांब्याच्या तारेची कॉइल असते, ती आतून तुटायला आली असेल तर तापल्यावर कनेक्शन सुटतं, गार झालं की जुळतं. म्हणून थंड गाडीत चेक केलं की सगळं ओके दिसतं. (बाईकमध्ये क्रँक सेन्सरचं काम पल्सर कॉइल करते.)

स्कॅनरवर पी०३३५ (क्रँक सेन्सरच्या सर्किटचा) कोड आला म्हणजे सेन्सरच खराब असं नाही हं, उंदराने कुरतडलेली वायर, ढिला कपलर (वायर जोडायचा सॉकेट), सेन्सरच्या चुंबकाला चिकटलेला लोखंडी कीस, यानेही तोच कोड येतो. आम्ही आधी हे बघतो, मग पार्टचं बोलतो.

शक्यतो गाडी गरम असतानाच आणा, आणि बंद पडल्यावर सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरा तरी हलतो का ते बघून ठेवा, सगळ्या गाड्यांत हलतोच असं नाही पण आम्हाला शोधायला मदत होते.