सॅमनच्या नाकातला पत्ता
कोहो सॅमन हा मासा गोड्या पाण्याच्या ओढ्यात जन्मतो, पॅसिफिक महासागरात वाढतो आणि अंडी घालायला बहुधा त्याच ओढ्यात परततो. खुल्या समुद्रात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सॅमनच्या मदतीला येते, असे पुरावे आहेत. पण नदीत शिरल्यावर प्रत्येक फाट्यावर डावीकडे वळायचे की उजवीकडे? तिथे नाकच लागते.

माशाच्या नाकाचा श्वासाशी काही संबंध नाही. पुढच्या छिद्रातून पाणी आत शिरते, वास टिपणाऱ्या पेशींच्या चुण्यांवरून सरकते आणि मागच्या छिद्राने बाहेर पडते.

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या आर्थर हॅस्लर आणि वॉरन विस्बी यांनी १९५०च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातल्या इसाक्वा ओढ्यावर याची परीक्षा घेतली. ओढ्याच्या दोन फाट्यांत परतलेले कोहो त्यांनी पकडले, काहींच्या नाकपुड्यांत कापसाचे बोळे घातले आणि सगळ्यांना पुन्हा संगमाच्या खाली सोडले. नाक मोकळे असलेले बहुतेक मासे आपापल्या फाट्यात गेले. बोळेवाल्यांची मात्र बरीच चुकामूक झाली.

तरी शंका उरतेच: हा वास माशाला उपजत ठाऊक असतो की तो शिकतो? त्याचे उत्तर देणारा १९७०च्या दशकातला प्रयोग मला जास्त आवडतो, कारण त्यात पळवाटच नाही. हॅस्लर यांच्या गटाने कोहोच्या काही पिल्लांना मॉर्फोलिन या रसायनाच्या वासात ठेवले, काहींना गुलाबातही आढळणाऱ्या फेनेथिल अल्कोहोलच्या, आणि मग ती मिशिगन सरोवरात सोडली. सुमारे दीड वर्षाने, परतीच्या हंगामात, एका ओढ्यात एक रसायन थेंबथेंब सोडले, दुसऱ्यात दुसरे. मासे आपापल्या वासाच्या ओढ्यात शिरले. त्या ओढ्यात ते पूर्वी कधी राहिलेही नव्हते!

ही शिकवणी मुख्यतः पिल्लू समुद्राकडे निघण्याच्या सुमारास होते. तेव्हा अंगावर चंदेरी झाक येते आणि थायरॉइडचे संप्रेरक वाढते. म्हणूनच कॅलिफोर्नियात संवर्धन केंद्रातली पिल्ले टँकरमधून थेट खाडीपाशी नेऊन सोडली, की मोठेपणी त्यांच्यातली जास्त परक्या नद्यांत भरकटतात. वाटेतले वास त्यांनी घेतलेलेच नसतात.

नैसर्गिक नद्यांतही थोडे सॅमन वाट चुकतात, आणि ते वाया जात नाहीत. अलास्काच्या ग्लेशियर बेमध्ये हिमनद्या मागे हटल्यावर जे नवे ओढे तयार झाले, तिथे सॅमनची वस्ती अशा चुकलेल्यांनीच केली.