कोपऱ्यातला पॉपअप नजर का खेचून घेतो?

गेल्या आठवड्यात ऑफिसात एक लांबलचक मजकूर टाइप करत होतो, नजर कीबोर्डवर, मान वर केली तर प्रोग्रॅमच बंद होऊन परत सुरू होत होता. मधेच कधीतरी 'आत्ता रीस्टार्ट करायचं का?' असा डबा उघडला, त्याने कीबोर्डचा ताबा घेतला आणि दोन शब्दांमध्ये मी मारलेली स्पेस त्याने 'हो' म्हणून घेतली. अर्धं पान गेलं!

लोक म्हणतात पॉपअपकडे दुर्लक्ष करायला शिका. पण ते आपल्या हातात फारसं नसतंच, भानगड डोळ्याच्या रचनेतच आहे.

हात लांब करून अंगठ्याचं नख बघा. साधारण तेवढाच भाग, म्हणजे अंदाजे 2 अंश, आपल्याला अगदी बारकाईने दिसतो. बाकीचा स्क्रीन धूसर असतो, पण तिथे काही हललं किंवा अचानक उगवलं तर ते लगेच कळतं. दृष्टिपटलापासून मेंदूकडे जाणाऱ्या मार्गांपैकी एकाला मॅग्नोसेल्युलर म्हणतात, त्याच्या पेशी पुष्कळ प्रकाशपेशींकडून आलेली माहिती एकत्र करतात, त्यामुळे बारकावे हरवतात पण बदल झाला रे झाला की त्या जोरात सिग्नल देतात आणि चित्र स्थिर राहिलं की मंदावतात. मध्यमेंदूतला सुपीरियर कॉलिक्युलस नावाचा भाग नजर तिकडे वळवायला मदत करतो आणि सेकंदाच्या साधारण पाचव्या हिश्श्यात डोळा निघालेला असतो, 'बघू नको' असं स्वतःला सांगायच्या आधीच.

स्टीव्हन यांटिस आणि जॉन जोनिडिस या मानसशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये यावर एक सुंदर प्रयोग मांडला. कॅल्क्युलेटरवर रेघांचा '8' दिसतो तशा आकृत्या स्क्रीनवर आधीपासून ठेवल्या आणि त्यातल्या काही रेघा पुसून अक्षरं तयार केली, फक्त एक अक्षर मोकळ्या जागी एकदम उगवलं. शोधायचं अक्षर तेच असलं तर आजूबाजूला किती अक्षरं आहेत याने वेळेत जवळजवळ फरकच पडेना. पुसून झालेल्या अक्षरांचं मात्र तसं नव्हतं, गर्दी वाढली की वेळ वाढायचा. म्हणजे लक्ष खेचतं ते अचानक उगवणं. म्हणून पॉपअप टुणकन यायच्या ऐवजी हळूहळू उजळत आला, सरकला नाही, लुकलुकला नाही, तर क्षणाक्षणाचा बदल छोटा राहतो आणि डोळा तेवढा दचकत नाही.

(माणसाचं लक्ष आता गोल्डफिशपेक्षा कमी, 8 सेकंदांवर आलंय हे फॉरवर्ड कृपया पुढे पाठवू नका, त्यामागे धड संशोधन नाही. तीन तास क्रिकेट बघतोच की आपण.)

हे सगळं मनावर घेऊन केलेलं एक काम मला फार आवडतं, एप्रिल 2009 चं उबंटू 9.04, म्हणजे लिनक्सवर चालणारी, विंडोजसारखी एक संगणक प्रणाली. त्यातल्या सूचनेच्या फुग्याला बटणच नव्हतं, तो कीबोर्डला हात लावायचा नाही, माउस जवळ नेला की फिका व्हायचा आणि क्लिक त्याच्या आरपार खालच्या खिडकीवर जायचं. 'बंद करा'ची फुली शोधायची गरजच नाही! लिनक्सच्या डेस्कटॉपवर सूचनांना तीन पातळ्याही आहेत, कमी, साधारण आणि तातडीची, आणि तातडीची तेवढी आपोआप जाऊ नये असा संकेत आहे. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने बॅटरी संपत आल्याला आणि 'नवीन थीम आली'ला एकच पातळी लावली तर काय उपयोग.

वेळही महत्त्वाची. शमसी इक्बाल आणि ब्रायन बेली या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवलं की वाक्याच्या मधोमध न टपकता, कामाचा एक टप्पा संपतो तिथे सूचना दिली तर माणूस कमी वैतागतो.

आणि डबा उघडावाच लागला, तर फायरफॉक्स ब्राउझरसारखं करा. फाइल डाऊनलोड करताना त्याची खिडकी उघडली की 'ओके' बटण सुरुवातीला बंद असतं, 1000 मिलिसेकंद, म्हणजे पुरता एक सेकंद. टाइप करता करता चुकून पडलेली कळ तेवढ्या वेळात वाया जाते, माझी ती स्पेससुद्धा गेली असती.