शिवनेरीची शिंदळ माकुडी आणि भिंतीतला भुईताड

पुण्यात हल्ली सक्युलंटची, म्हणजे पाणी साठवणाऱ्या मांसल रोपाची, कुंडी नसलेली गॅलरी शोधावी लागते. त्यातली बरीचशी रोपं मेक्सिकोच्या नाहीतर दक्षिण आफ्रिकेच्या वंशाची. आपल्या जिल्ह्यातलं सक्युलंट मात्र फारसं कुणी पाहिलेलं नसतं. त्याचं नाव शिंदळ माकुडी, फ्रेरिया इंडिका. जंगली अवस्थेत ही वनस्पती फक्त महाराष्ट्रात सापडते. वनस्पतितज्ज्ञ डाल्झेल यांना १८६०च्या दशकात ती जुन्नरच्या डोंगरात मिळाली आणि त्यांनी तिला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव देऊन टाकलं. शिवनेरीच्या कड्यावर वाढते म्हणून तिला शिवसुमनही म्हणतात. मला विचाराल तर हेच नाव शोभतं.

कूळ रुईचं. लालसर फुलांवर पिवळी नक्षी, आणि परागीकरणाला माश्या. पण खरी गंमत तिच्या पोटापाण्याच्या व्यवस्थेत आहे. पावसाळ्यात तिला पानं येतात. ती चारचौघींसारखी दिवसा छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. कोरड्या दिवसांत पानं गळतात आणि उरतं मांसल खोड. ते रात्रीच्या गारव्यात वायू घेतं, आम्लाच्या रूपात साठवतं आणि दिवसा छिद्रं मिटून वापरतं, म्हणजे पाणी उडत नाही. एकाच झाडात दोन पद्धती! १९७७मध्ये संशोधकांनी हे मोजून दाखवलं.

कोरड्या दिवसांत तग धरायची दुसरी तऱ्हा भुईताडाची. हा नेचा (फर्न), त्यामुळे फूल नाही की बी नाही. पानामागच्या बीजाणूंवर वंश चालतो. नेचा म्हटलं की ओलसर, सावलीची जागा डोळ्यांसमोर येते. हा मात्र उघड्या खडकाच्या भेगांत, किल्ल्यांच्या जुन्या भिंतींच्या सांध्यांत राहतो. ताडाच्या पंख्यासारखं इवलंसं पान. पाण्याची साठवण काहीच नाही. उन्हाळ्यात पार वाळून गुंडाळतो, मेल्यासारखा. पाऊस पडला की पुन्हा उलगडून हिरवा. फक्त फलनाला त्याला पाण्याचा पातळ थर लागतोच, कारण शुक्रपेशी पोहत जातात.

भुईताड आफ्रिकेपासून भारत-श्रीलंकेपर्यंत पसरलाय. शिंदळ माकुडी मोजक्या कड्यांवर उरली. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या बारा वनस्पतींच्या जुन्या यादीत तिचं नाव होतं. एरवी तिची फांदी सहज रुजते, परदेशातले शौकीनही ती कुंडीत वाढवतात. पण एका फांदीची शंभर रोपं केली तरी ती जनुकांनी एकच. कड्यावरच्या रोपांमधली विविधता त्यात येत नाही.