कालाकुंडचा चढ आणि मनमाडची लाईन

इंदूरजवळच्या महू-खंडवा मीटरगेजवर, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांवर, कालाकुंड स्टेशनात गाडी बराच वेळ उभी राहायची. तेवढ्यात पळसाच्या पानातला कलाकंद घ्यायचा आणि गाडीला जोडलं जाणारं जादा इंजिन बघायचं. पुढे पातालपाणीचा घाट. एकट्या इंजिनाला तो झेपत नसे.

का झेपत नसे? पोलादी चाक पोलादी रुळावर जवळजवळ दबतच नाही. त्यामुळे सपाटीवर एक टन माल हळू वेगाने ओढायला साधारण 2 किलो वजनाएवढा जोर पुरतो. रबरी टायरला रस्त्यावर याच्या कितीतरी पट लागतो. पण घाटाचा चढ 1:40, म्हणजे 40 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. 1000 किलोला 40 ने भागा: टनामागे 25 किलोंचा जोर नुसता चढायलाच गेला. एकूण 27. सपाटीवर 1300 टन नेणारं इंजिन इथे 100 टनांवर येतं! हाच चढ 1:150 केला, तर तेच इंजिन 300 टन नेईल.

चढ सौम्य करायचा तर लाईन लांबून वळवावी लागते, डोंगर पोखरावे लागतात. मोठ्या रेल्वे प्रकल्पाचा पैसा मुरतो तो इथेच. खर्च एकदाच होतो, बचत मात्र प्रत्येक मालगाडीमागे, पिढ्यान्‌पिढ्या. म्हणूनच पाच-दहा वर्षांच्या नफ्यातोट्यात असल्या कामाचं मोल मापणं मला पटत नाही. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1870 मध्ये खंडवा-इंदूर लाईनसाठी 1 कोटी रुपये कर्जाऊ देऊ केले, साडेचार टक्के व्याजाने. मुदत किती? 101 वर्षं.

आता इंदूर-मनमाड. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने मंजुरी दिलेली ही नवी लाईन 309 किलोमीटरची, खर्च 18,036 कोटी, नवी स्टेशनं 30. आज आम्ही इंदूरकर रतलाम-बडोद्याचा वळसा घालून मुंबई गाठतो, 800 किलोमीटरहून जास्त. मनमाडवरून हेच अंतर 570 च्या आसपास येईल. पीथमपूरच्या कारखान्यांचा माल बंदराला लवकर लागेल, हे तर आहेच. पण मला जास्त मोलाचा वाटतो तो मधला टापू. बडवानी जिल्ह्यात आजवर रूळच पोचलेले नाहीत. तिथल्या सेंधव्याच्या कापसाचे ट्रक अजूनही बिजासन घाटात पहिल्या गिअरवर, एकामागे एक, रांगत असतात.