टेबल (एक्सेल)

टेबल ही मायक्रोसॉफ्ट एक्सेलमधील माहितीच्या एका पट्ट्याला स्वतंत्र नाव आणि शिस्त देणारी सोय आहे. वर शीर्षकांची एकच ओळ, एका रकान्यात एकाच प्रकारची माहिती आणि एका ओळीत एकच नोंद, अशी तिची मांडणी अपेक्षित असते. २००३च्या आवृत्तीत ती ‘लिस्ट’ नावाने आली. २००७मध्ये तिचे टेबल झाले आणि रकान्यांच्या नावांनी सूत्रे लिहिण्याची सोय मिळाली. गूगल शीट्समध्ये अशी टेबले २०२४मध्ये आली.

माहितीत कुठेही कर्सर ठेवून कंट्रोल आणि टी दाबले की टेबल तयार होते. ओळींना आलटून पालटून येणारा रंग तेवढा पाहून अनेक जण थांबतात. खरा उपयोग त्यापुढे आहे.

दूध संकलन केंद्राची वही घ्या: तारीख, वेळ, उत्पादक क्रमांक, लिटर, फॅट, दर, रक्कम. साध्या शीटमध्ये बेरजेचे सूत्र दुसऱ्या ते पन्नासाव्या ओळीपर्यंत लिहिलेले असते. पुढे नोंदी वाढतात, पण सूत्राची मर्यादा वाढवायची राहून गेली तर बिल कमी निघते आणि पडद्यावर चूक दिसतही नाही. टेबलात बेरीज ‘लिटर’ या रकान्याची मागितलेली असते, त्यामुळे शेवटच्या ओळीखाली नवी नोंद लिहिताच ती हिशेबात येते. ‘रक्कम’ रकान्यात लिटर गुणिले दर हे सूत्र एका खान्यात लिहिले की ते सगळ्या ओळींत उतरते. महिन्यांनी फाइल उघडणाऱ्यालाही ते वाचताच कळते. खान्यांचे पत्ते शोधत बसावे लागत नाही.

एकूण दाखवणारी शेवटची ओळ फिल्टरप्रमाणे बदलते. एका उत्पादकाचा क्रमांक निवडला की फक्त त्याचेच लिटर आणि त्याचीच रक्कम उरते. क्रम लावताना पूर्ण ओळ एकत्र हलते, एकाचे फॅट दुसऱ्याच्या नावावर जात नाही. पिव्हट टेबलाला, म्हणजे नोंदींचा गटवार सारांश काढणाऱ्या तक्त्याला, स्रोत म्हणून टेबल दिले तर रिफ्रेश केल्यावर नव्या नोंदीही त्यात येतात.

मात्र आपल्याकडच्या बऱ्याच शीटा छापील तक्त्यासारख्या केलेल्या असतात: मर्ज केलेली (अनेक खाने जोडून एक केलेली) दुमजली शीर्षके, मधे मधे ‘एकूण’च्या ओळी, गावाचे नाव फक्त पहिल्या ओळीत. टेबल करताना मर्ज केलेले खाने सुटे होतात आणि गावाखालच्या रिकाम्या ओळी उघड्या पडतात. गावाचे नाव प्रत्येक ओळीत पुन्हा लिहिणे हाच त्यावरचा योग्य उपाय आहे. पुनरुक्ती वाटली तरी फिल्टर त्यावरच चालतो. एकच शीर्षक दोनदा आले तर एक्सेल दुसऱ्यापुढे आकडा जोडते. शीर्षकातल्या तारखा मजकूर बनतात.

टेबल केल्याने शीटची मर्यादा वाढत नाही. ती आजच्या फाइलींत १०,४८,५७६ ओळींची आहे. जुन्या, २००७पूर्वीच्या प्रकारात ६५,५३६ होती. या जुन्या मर्यादेपायी २०२० साली इंग्लंडमध्ये कोविडच्या जवळपास १६,००० बाधितांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत. रोजच्या वापरातली अडचण वेगळी आहे: सूत्रे कुणी बिघडवू नयेत म्हणून शीटला संरक्षण लावले की टेबल आपोआप वाढणे थांबते. त्यामुळे नोंदी भरायची शीट खुली ठेवून हिशेबाची शीट वेगळी करावी आणि संरक्षण फक्त तिलाच लावावे.